निर्मनुष्य

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आले की उजव्या हातातले भिंग मी अजून डोळ्याशीच धरून ठेवले आहे आणि त्यातून मला माझ्याच टेबलाच्या लाकडाचा एक फुगलेला, निरर्थक तुकडा दिसतो आहे. सकाळचे अकरा वाजले होते. रामदासपेठेतल्या माझ्या खोलीखाली, इस्पितळाच्या फाटकाशी ऑटोवाल्यांचे नेहमीचे भांडण चालू होते. बोलणे जेमतेम दोन मिनिटांचे झाले. कामठीहून कौसल्याबाई बोलत होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र धम्मानंद, आठवड्यापूर्वी गेला. "सुमंतभाऊ," त्या म्हणाल्या, "रविवारी पुण्यानुमोदन हाये. यायचा एक फोटो पायजे, मोठा. अंकुशच्या मोबाइलमंधी हायेत, पण समदे बिमारीतले. नाकात नळी हाये. आधार कार्डावर तं हे चोरावानी दिसतेत. तुमच्यापाशी यायचे हजार फोटो असतीन. जिंदगीभर खिडकीत उभं करून यायचेच तं फोटो काढले तुम्ही. एखांदा हासतानाचा द्या." मी "देतो" म्हणालो. इतक्या सहजपणे म्हणालो की त्या सहजपणाची मला नंतर किळस आली. कारण फोन ठेवल्यावर, भिंगातून त्या लाकडाकडे पाहत असताना, मला उमगले की माझ्याजवळ धम्मानंदचे एकही छायाचित्र नाही.

माझ्या संग्रहात एकसष्ट हजार चारशे बारा छायाचित्रे आहेत. हा आकडा मी अभिमानाने सांगत नाही. लोक हल्ली एका बारशात एवढी काढतात. पण माझे प्रत्येक छायाचित्र तारीख, स्थळ, भिंग, प्रकाश आणि विषय अशा पाच अंगांनी नोंदलेले आहे. शासकीय मुद्रणालयात एकतीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून घालवलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकारे जगता येत नाही. ज्या देशात माणसे आपल्या लेकरांचे फोटो 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे अशा नावाने ठेवतात, त्या देशाला भूतकाळ असण्याचा अधिकार नाही, असे मी आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या छायासाधना मंडळाच्या व्यासपीठावरून एकदा बोललो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता मी शोधाच्या चौकटीत 'धम्मानंद' असे टंकले. संगणकाने क्षणाचाही विलंब न लावता शून्य दाखवले. मी मित्राचे नाव 'विषय' या सदरात कधी घातलेच नव्हते. तो विषय नव्हता. तो मोजमाप होता.

आमची ओळख पोस्टाच्या खिडकीवर झाली. मी पुण्याच्या एका स्पर्धेसाठी छायाचित्रांचे पाकीट घेऊन गेलो होतो आणि खिडकीमागच्या काळ्यासावळ्या, समोरचा एक दात अर्धा तुटलेल्या माणसाने ते वजनकाट्यावर न ठेवता कानाशी नेऊन विचारले, "यात काय हाये गा? सोन्यावानी धरलं तुम्ही." मी तुटकपणे "छायाचित्रे" म्हणालो. "मंग दाखवा नं एक." पाकीट डिंकाने बंद केलेले होते. मी ते फोडून दाखवले. ते मी का केले हे मला आजवर कळलेले नाही. त्या काळी माझ्याजवळ रशियन बनावटीचा एक कॅमेरा होता, विटेसारखा जड, आणि चाप दाबला की आतला आरसा लोखंडी कपाट बंद केल्यासारखा आपटे. न्हाणीघरात लाल दिवा लावून मी स्वतः छपाई करी. औषधाच्या तबकात कागद बुडवला की हळूहळू चेहरा वर येई आणि धम्मानंद, अंधारात माझ्या पाठीशी उभा राहून, दर वेळी तेच म्हणे, "आला पाय, आला!" 'पाय' म्हणजे पाहा; जणू कोणी कामठीच्या बसमधून उतरले आहे. मला त्याचा राग येई. कला ही कोणाच्या आगमनाची बातमी नव्हे.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत माझ्या खोलीत अकरा कॅमेरे आणि तेवीस भिंगे आली. लग्न केले नाही, त्यामुळे कपाटे मोकळी होती. प्रत्येक नव्या भिंगाची पहिली सकाळ धम्मानंदची असे. तो कामठीहून सहा आसनी ऑटोने येई, मी त्याला पूर्वेच्या खिडकीशी उभा करी, हातात प्रकाश मोजायचा राखाडी पुठ्ठा देई आणि त्याच्या डाव्या डोळ्याच्या पापणीवर नेम धरून तीस-चाळीस छायाचित्रे घेई. पापणीचा केस न् केस सुटा दिसला तर भिंग चांगले. चेहरा मी पाहतच नसे. "अजून किती वेळ गा, सुमंता?" तो म्हणे, "पाय दुखून राहिले माहे. तुह्या लेन्सले माह्या मिशा मोजाच्या हायेत काय?" मी म्हणे, "हलू नकोस." "हालत नाही गा, हासून राहिलो." "हसूही नकोस. पापणी हलते." चाचणी संपली की फिल्मच्या त्या पट्ट्या मी कचऱ्यात टाकी; पुढे डिजिटल कॅमेरे आल्यावर 'चाचणी' नावाचे फोल्डर एका कळीत नष्ट करी. चाचणी जपून ठेवणे हे अडाण्याचे लक्षण आहे. स्वच्छ प्रत हाती आली की खडाखोडीचे कागद कोणी जपत नाही. अशा रीतीने, हिशेब केला तर, मी त्या माणसाची हजारभर छायाचित्रे काढली आणि एकूण एक फेकून दिली. आणि हे कृत्य मी शिस्तीच्या नावाखाली केले, याबद्दल मला त्या अकरा वाजताच्या उन्हात स्वतःविषयी जे वाटले, त्याला साधे नाव तुच्छता हेच आहे.

मी मान वर केली तेव्हा समोरच्या भिंतीवर 'निर्मनुष्य' होते. माझे एकमेव पारितोषिकप्राप्त छायाचित्र, मंडळाच्या २०१२च्या वार्षिक प्रदर्शनातले पहिले. कुहीकडची धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, नुकतीच रोवणी आटोपलेली. पाण्यात उलटे आभाळ, हिरव्या काड्यांच्या ओळी, आणि त्या सगळ्यावरून एकदम उठलेले सतरा बगळे. एकही माणूस नाही. परीक्षकांनी 'मानवी हस्तक्षेपाविना निसर्गाचा उत्स्फूर्त क्षण' असे लिहिले होते. त्या वाक्यातल्या 'हस्तक्षेपाविना' या शब्दाकडे मी बारा-तेरा वर्षे पाहत आलो आहे आणि, आता सांगायला हरकत नाही, मला कधी खुपले नाही. प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दालनात गेलो तर काचेवर, डाव्या अंगाला, जिथे नुसता चिखल आणि पाणी होते तिथे, बोटाचा एक तेलकट ठसा उमटलेला. जे पाहायचे ते डोळ्यांनी न पाहता बोटाने चाचपणारी ही प्रजा! मी चष्म्याच्या फडक्याने तो पुसला, शेजारी 'काचेस स्पर्श करू नये' अशी सूचना सुवाच्य अक्षरात लावली, आणि पुढे कित्येक भाषणांतून नागपूरकरांच्या कलादृष्टीचे उदाहरण म्हणून त्या बोटाचा उल्लेख केला.

बगळे आपण होऊन उडाले नव्हते. आम्ही शेताच्या धुऱ्यावर तासभर बसलो होतो आणि बगळे चिखलात ढिम्म उभे होते, कचेरीतल्या कारकुनांसारखे. शेवटी धम्मानंद म्हणाला, "थांब, मी उठोतो त्यायले." त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि बांधीत उतरला. एक चप्पल चिखलात पडली. ती शोधायला तो वाकला, मिळाली नाही, आणि मग तशीच उरलेली एक चप्पल उंच धरून, दोन्ही हात वर करून तो असा काही ओरडला की सतराच्या सतरा बगळे एकदम उठले. मी चाप दाबला. एकच छायाचित्र मिळाले. घरी येऊन पाहिले तर प्रकाश, पाणी, पंख, सगळे असे जुळले होते की आयुष्यात पुन्हा जुळणार नाही. आणि डाव्या अंगाला, गुडघाभर चिखलात, चप्पल घेतलेला पोस्टातला माणूस. दोन दिवस मी ते पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी मी त्याला काढला. वीस मिनिटे लागली. शेजारचे पाणी उचलून त्याच्या पायांवर ठेवले, शेजारचे आभाळ त्याच्या तोंडावर.

इथे साधनांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. सीताबर्डीच्या बाजारात चकतीवर मिळणाऱ्या, फोटो दुरुस्त करायच्या पहिल्यावहिल्या प्रोग्राममध्ये एकदा पुसले की पुसले. जतन केले की मूळ गेले. नंतरच्या प्रोग्रामने ही रानटी पद्धत बदलली. तो मूळ चित्राला हातच लावत नाही. आपण केलेली प्रत्येक दुरुस्ती तो वेगळी लिहून ठेवतो आणि मुळावर नुसती पांघरतो. मुद्रितशोधकाला यापेक्षा अधिक सुसंस्कृत यंत्र कल्पिता येणार नाही. मी मंडळात त्याचे गुणगान केले होते. 'इथे मूळ संहिता अबाधित राहते' हे माझे शब्द होते. आता मी 'निर्मनुष्य'ची मूळ फाइल उघडली. उजव्या बाजूस एकेचाळीस दुरुस्त्यांची यादी होती. तिच्या तळाशी एक बटण असते: सगळे पूर्ववत. ते मी दाबले. बांधीत धम्मानंद उभा राहिला. तोंड उघडे, तुटका दात उन्हात, दोन्ही हात वर, एका हातात चप्पल. हसत होता. आणि मला, अंधाराशिवाय, लाल दिव्याशिवाय, भर उन्हात, माझ्या पाठीमागून स्पष्ट ऐकू आले: आला पाय, आला.

आता जे सांगतो त्यासाठी विहंगची हकीकत सांगावी लागेल. विहंग हा मंडळातला तरुण सभासद, लग्नाचे फोटो काढणारा. त्याचे भिंगांविषयीचे ज्ञान जाहिरातींतून आलेले आणि मराठी त्याहून वाईट. २०१५मध्ये त्याने रामटेकच्या देवळाचे छायाचित्र प्रदर्शनाला दिले. त्यातून त्याने विजेच्या चार तारा पुसल्या होत्या. हे मी भिंगाने ओळखले. मंडळाच्या नियमावलीतला सातवा नियम, 'मूळ दृश्यातील कोणतीही वस्तू काढू वा घालू नये', हा माझ्याच हातचा. मी त्याला भर सभेत उभा केला. "सर, चार तारा तर काढल्या," तो म्हणाला, "तारा काय देवळाच्या आहेत का?" मी म्हणालो, "तारा त्या क्षणाच्या आहेत." सभागृह निनादले. अध्यक्ष मधुकररावांनी हात वर करायला सांगितले आणि विहंगला मंडळातून काढण्यात आले. हात वर न करणारा एकटा धम्मानंद. "मी नाही देत मत," तो म्हणाला. मी कारण विचारले. "कारण काय सांगू गा? जाऊ दे." आणि उठून गेला, पुन्हा मंडळात आला नाही. त्या संध्याकाळी बसथांब्यावर त्याने मला विचारले होते, "सुमंता, एखांद्या टायमाले तुनंबी तारा काढल्या असशीन नं?" मी म्हणालो, "कधीच नाही." त्या क्षणी मी खोटे बोलत नव्हतो. मला खरोखरच आठवले नाही. पुसलेल्या जागी इतके चांगले पाणी बसले होते.

म्हणजे प्रश्न सोपा होता. रविवारी कामठीला मंडळाची माणसे येणार, मधुकरराव येणार, विहंगही येणार, कारण मंडळाने काढून टाकल्यावरही धम्मानंदने त्याला सोडले नव्हते. तिथे हे छायाचित्र मोठे करून ठेवणे म्हणजे सतरा बगळ्यांसह माझ्या लबाडीचा पुरावा हार घालून मांडणे. न ठेवणे म्हणजे नाकात नळी. मी दिवसभर पळवाटा शोधल्या, त्या इथे नमूद करतो, कारण माझी लायकी त्यांवरूनच ठरते. प्रथम नुसता चेहरा कापून मोठा केला. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. मोठा केल्यावर त्याचा भुगा झाला. नव्या प्रोग्रामात चेहरा 'सुधारण्याची' सोय आहे. ती वापरली. यंत्राने क्षणात एक गुळगुळीत, गोरटेला, सभ्य मनुष्य दिला. त्याने तुटका दात भरून काढला होता आणि मिशी विमा एजंटाची लावली होती. मी त्याला हाकलून दिले. मग बगळे, बांधी, आभाळ सगळे पुसून, स्टुडिओवाले मेलेल्या माणसामागे लावतात तसला निळा रंग मागे भरला. त्या निळ्या पोकळीत धम्मानंद दोन्ही हात वर करून, चप्पल उगारून, कोणावर तरी धावून जात होता. मला हसू आले, आणि त्या रिकाम्या खोलीत ते इतके मोठ्याने आले की मी दचकलो. ही पळवाटही बंद झाली. बगळ्यांशिवाय ते हात वेड्याचे होते, आणि त्या हातांशिवाय, आता पाहताना मला हे प्रथमच दिसले, ते बगळे बिनकारणाचे होते. तेरा वर्षे माझ्या भिंतीवर सतरा पाखरे काहीही कारण नसताना उडत होती आणि एकाही परीक्षकाने विचारले नाही की का.

शेवटी मी पूर्ण चित्र छापायला दिले. द्यायच्या आधी एकदा, केवळ एकदा, चपलेभोवती रेघ आखली. पुण्यानुमोदनाला चप्पल शोभणार नाही, कौसल्याबाईंना वाईट वाटेल, अशी अगदी सोज्वळ कारणे मनात तयार होती. पुसण्याच्या कळीवर बोट होते. मग मी ती रेघ सोडून दिली. याचे श्रेय मी घेत नाही. मला भीती वाटली, इतकेच, की चप्पल गेल्यावर मी हातही काढीन.

रविवारी कामठीच्या घराच्या अंगणात पांढरा कापडी मांडव होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या, आणि शेजारी खुर्चीवर माझी चौकट. मी कागद सोडला तेव्हा कौसल्याबाईंनी तोंडावर पदर धरला. "आता गं माय! हातात चप्पल!" आणि त्या हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. त्यांचा मुलगा अंकुश म्हणाला, "बाबा असेच ओरडाचे मॅच पाहताना." त्रिसरण झाले, पंचशील झाले, लोक बोलले. मी मागच्या रांगेत, माझी शिक्षा सुरू होण्याची वाट पाहत बसलो होतो. कोण प्रथम ओळखेल? मधुकरराव? त्यांनीच पारितोषिक दिले होते. विहंग? त्याला तर हे आयुष्यभराचे घबाड. मी उत्तर तयार केले होते. चार वाक्यांचे, अलंकारविरहित, प्रत्येक क्रियापद जागच्या जागी.

कार्यक्रम संपल्यावर दोघेही चौकटीपुढे आले. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. विहंग बराच वेळ पाहत होता. "काय टायमिंग आहे, सर," तो म्हणाला. "काका एकदम जिवंत आहेत. कुठला हा?" मी म्हणालो, "ओळखले नाहीत?" "नाही बा." "मधुकरराव, तुम्ही?" मधुकररावांनी चष्मा वर सरकवला. "धम्मानंदच आहे ना?" मी म्हणालो, "बगळे पाहा. सतरा आहेत." त्यांनी खरेच मोजायला सुरुवात केली आणि नऊवर सोडून दिले. "'निर्मनुष्य'," मी म्हणालो. "पहिला क्रमांक. तुमच्या हस्ते." "असेल, असेल," ते म्हणाले, "दर वर्षी देतो आपण कोणाला तरी." आणि ते चहाकडे वळले. आयुष्यभर ज्याच्या बळावर मी या माणसांना तुच्छ लेखत आलो, ते छायाचित्र त्यांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हते. मी सुटलो होतो. गप्प राहिलो असतो तर कायमचा सुटलो असतो. पण ते मला सहन झाले नाही. पश्चात्तापाने नव्हे, त्या चांगल्या शब्दाला मी इथे विटाळणार नाही. मला राग आला म्हणून मी बोललो. "हे तेच छायाचित्र आहे," मी विहंगला म्हणालो, आणि माझी चार तयार वाक्ये कुठेच्या कुठे गेली, "यातून मी धम्मानंदला पुसला होता. आणि बक्षीस घेतले. तुम्हाला तारांसाठी काढले, त्याच्या तीन वर्षे आधी." विहंगने माझ्याकडे पाहिले, जसे म्हाताऱ्या, किंचित भ्रमिष्ट नातेवाइकाकडे पाहतात तसे. "जाऊ द्या ना, सर," तो म्हणाला. "आता तर ते अंगठ्यानंच होते, मोबाइलवर. चहा घ्या तुम्ही."

तो गेल्यावर कौसल्याबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "यायले मालूम होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या प्रदर्शनात मले घेऊन गेलते. दुसऱ्या दिवशी. काचीवर बोट ठेवलं न् म्हणे, कौसल्ये, इथं मी उभा हावो, दिसतो का? मी म्हटलं, नाही वा, चिखल दिसते. तं हे किती तरी वेळ हासत रायले. तिथला माणूस कावला आमच्यावर." मी म्हणालो, "मला काही म्हणाला नाही." "काहून म्हणतीन? म्हणत, सुमंताचा फोटो साजरा आला, माह्यानं बिघडला असता."

चौकटीपुढे आता कोणी नव्हते. सकाळपासून लोकांनी वाकून फुले वाहिली होती आणि काचेवर, डाव्या अंगाला, धम्मानंदच्या चिखलातल्या गुडघ्यांपाशी, मेण लागलेल्या बोटांचे तीन-चार ठसे उमटले होते. माझा हात सवयीने खिशातल्या चष्म्याच्या फडक्याकडे गेला. फडके बाहेरही आले.

"राहू द्या नं, भाऊ," कौसल्याबाई म्हणाल्या.